एमिली डिकिन्सनचा कोणता पाठ धरायचा? मराठीत अनुवाद करणाऱ्याला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकी कवयित्री एमिली डिकिन्सनची ‘आय ॲम नोबडी! हू आर यू?’ ही आठ ओळींची कविता तुम्ही मराठीत करायला घेतली. एका पुस्तकात चौथ्या ओळीत ‘बॅनिश’ आहे, म्हणजे ते आपल्याला हाकलून देतील. दुसऱ्या पुस्तकात त्याच जागी ‘ॲडव्हर्टाइज’ आहे, म्हणजे ते आपला बोभाटा करतील. एकात स्वल्पविराम-पूर्णविराम शहाण्यासारखे जागच्या जागी, दुसऱ्यात जिकडेतिकडे आडव्या रेघा आणि वाक्याच्या मध्येच कॅपिटल अक्षरं. यातला मुद्रणदोष कोणता, आणि खरी कविता कोणती?

मुद्रणदोष कुठेच नाही. दोन्ही शब्द तिचेच आहेत, तिच्याच हस्ताक्षरात, एकाच कागदावर. ‘ॲडव्हर्टाइज’ ओळीत आहे आणि ‘बॅनिश’ हा तिनं खाली लिहून ठेवलेला पर्याय. कोणता कायम करायचा हे तिनं ठरवलंच नाही, किंवा ठरवण्याची गरज तिला वाटली नाही. पुस्तकं छापणाऱ्यांनी आपापल्या परीनं ते ठरवलं. म्हणून ‘खरी कोणती’ यापेक्षा ‘माझ्या हातातली प्रत कोणी, कधी, कशावरून तयार केली’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा. अनुवादासाठी थॉमस जॉन्सन किंवा राल्फ फ्रँकलिन या नंतरच्या संपादकांनी हस्तलिखितांवरून ठरवलेला पाठ धरा. 1890 च्या दशकातला पाठ इतिहास म्हणून वाचा. वर्गात मोठ्यानं वाचायला मात्र जुना पाठही चालतो, तिथं कुणाचं फारसं बिघडत नाही. तुम्ही कशासाठी अनुवाद करताय यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. मी छापण्यासाठी करताय असं धरून लिहितो.

तुकोबांच्या गाथेमुळे पाठभेद ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पण तिथले पाठभेद बहुतेक लिहून घेणाऱ्यांच्या आणि गाणाऱ्यांच्या हातून झालेले. इथं पाठभेद स्वतः कवयित्रीनं केले आणि जपूनही ठेवले. हा फरक सतत लक्षात ठेवावा लागतो.

आता हे असं का झालं ते पाहू. एमिलीचा जन्म 10 डिसेंबर 1830 चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट गावातला. आजोबा ॲमहर्स्ट कॉलेजच्या संस्थापकांपैकी, वडील एडवर्ड वकील, कॉलेजचे खजिनदार आणि एक मुदत अमेरिकी काँग्रेसचे सदस्य. थोरला भाऊ ऑस्टिन, धाकटी बहीण लॅव्हिनिया. शिक्षण गावच्या ॲमहर्स्ट अकॅडमीत आणि मग 1847-48 मध्ये माउंट होलिओक या मुलींच्या शाळेत. तिथं मुलींची धर्मश्रद्धेनुसार वर्गवारी होत असे. ज्यांच्याकडून आशा नाही अशांमध्ये एमिली राहिली, आणि पुढंही ती चर्चची सदस्य झाली नाही. हे नोंदवायचं कारण छंदाशी निगडित आहे, ते पुढं येईल. 15 मे 1886 रोजी, वयाच्या 55 व्या वर्षी, ती त्याच गावात, ज्या घरात जन्मली त्याच घरात वारली.

पांढरा पोशाख, बंद दार, अपुरं प्रेम या तिच्याबद्दलच्या गोष्टींनी इंटरनेट भरलेलं आहे. 1860 च्या दशकाअखेरीपासून ती घराबाहेर जवळपास पडत नव्हती हे खरं. पण तिची हजाराहून अधिक पत्रं उपलब्ध आहेत. ती उत्तम बागकाम करायची आणि गावच्या 1856 च्या प्रदर्शनात तिच्या राय आणि मक्याच्या पावाला दुसरं बक्षीस मिळालं होतं. तिचा सर्वाधिक लेखनाचा काळ आणि अमेरिकी यादवी युद्धाचा काळ एकच. मार्च 1862 मध्ये ॲमहर्स्ट कॉलेजच्या अध्यक्षांचा मुलगा फ्रेझर स्टर्न्स लढाईत मारला गेला, तेव्हा त्या घराला बसलेला हादरा तिच्या पत्रांत दिसतो. म्हणून तिच्या कवितेतला मृत्यू म्हणजे एकटीनं खोलीत बसून रंगवलेली कल्पना, असा अनुवाद केला तर तो फसतो.

तिच्या हयातीत सुमारे दहा कविता छापल्या गेल्या, त्याही नावाशिवाय. एप्रिल 1862 मध्ये तिनं टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन या लेखक-संपादकाला चार कविता पाठवून विचारलं, की माझी कविता जिवंत आहे का. त्याचा सूर सावध होता, पण पत्रव्यवहार शेवटपर्यंत टिकला. जुलै 1862 च्या एका पत्रात तिनं त्याला बजावलं, की कवितेत येणारी ‘मी’ म्हणजे मी नव्हे, एक कल्पित व्यक्ती. हे वाक्य अनुवादकानं टेबलासमोर चिकटवून ठेवावं असं आहे.

छपाईबद्दल तिची नाराजी कशी होती ते एका उदाहरणावरून कळतं. गवतातल्या सापावरची तिची कविता फेब्रुवारी 1866 मध्ये ‘स्प्रिंगफील्ड डेली रिपब्लिकन’नं छापली, वर ‘द स्नेक’ असं शीर्षक घालून. कवितेत साप हा शब्द एकदाही येत नाही. नाव न घेता तो अंगावर काटा आणतो हीच तर गंमत, आणि ती शीर्षकानंच घालवली. तिनं हिगिन्सनला लिहिलेली तक्रार वेगळीच होती. तिसऱ्या ओळीपाशी घातलेल्या विरामचिन्हानं ओळ मारली, तिसरी आणि चौथी ओळ एकच होती, असं तिचं म्हणणं. एका चिन्हानं ओळ मरते असं मानणाऱ्या बाईच्या रेघा आपण गाळतो तेव्हा काय करतो, याचा विचार करा.

छापत नव्हती म्हणजे ती कागद इकडेतिकडे टाकत होती असं नाही. साधारण 1858 ते 1864 या काळात तिनं आपल्या कविता स्वच्छ उतरवून चाळीस वह्या केल्या. पद्धत अशी. दुकानात मिळणारा, मधोमध घडी घातलेला पत्राचा कागद घ्यायचा, म्हणजे चार पानं मिळतात. त्यावर शाईनं कविता उतरवायच्या. असे चार-सहा घडीचे कागद, आपण शाळेची वही करतो तसे एकात एक न घालता, एकावर एक रचायचे. डाव्या कडेला आरपार दोन भोकं पाडायची, दोरा ओवायचा आणि पुढच्या बाजूला गाठ मारायची. मुखपृष्ठ नाही, शीर्षक नाही, पृष्ठांक नाही, तारीख नाही, सही नाही. या चाळीस वह्यांत मिळून आठशेहून अधिक कविता आहेत. सुरुवातीच्या वह्यांत पाठ बहुधा एकच असतो. पुढच्या वह्यांत शब्दाजवळ छोटं अधिकचं चिन्ह दिसतं आणि कवितेच्या शेवटी तेच चिन्ह करून पर्यायी शब्द लिहिलेला असतो. काही कवितांत असे पाच-सहा पर्याय आहेत. 1864 नंतर तिनं शिवणं थांबवलं. पुढं नुसते घडीचे कागद, आणि शेवटच्या वर्षांत पाकिटांच्या पाठी, पावत्या, एकदा तर चॉकलेटचं वेष्टणसुद्धा.

बहिणाबाईंशी तिची तुलना मराठीत अधूनमधून होते. मागे राहिलेल्या माणसांमुळे कविता जगासमोर आली, एवढ्यापुरती ती ठीक आहे. पण बहिणाबाईंची कविता तोंडी होती आणि दुसऱ्यांनी लिहून घेतली. डिकिन्सनची कविता मुळातच कागदावरची आहे, कुठे रेघ ओढली आणि कुठे ओळ मोडली यावर जगणारी.

मृत्यूनंतर लॅव्हिनियानं बहिणीच्या इच्छेनुसार तिला आलेली पत्रं जाळली, पण पेटीत सापडलेल्या कविता जाळल्या नाहीत. त्या तिनं आधी वहिनीला, म्हणजे ऑस्टिनच्या पत्नी सुझनला दिल्या. तिच्याकडून काम पुढं सरकेना, म्हणून मेबल लूमिस टॉड या प्राध्यापकपत्नीकडे दिल्या. ऑस्टिन आणि मेबल यांचं प्रकरण चालू होतं, त्यामुळे दोन्ही घरांत आधीच विस्तव जात नव्हता. मेबलनं एमिलीला समोरासमोर कधी पाहिलं नव्हतं. तरीही किचकट हस्ताक्षर लावून शेकडो कविता उतरवण्याचं काम तिनं केलं, याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. त्या हस्ताक्षराबद्दल हिगिन्सननं म्हटलंय, की ते कॉलेजच्या संग्रहालयातल्या पक्ष्यांच्या पाऊलखुणांच्या जीवाश्मांसारखं दिसतं.

हिगिन्सन आणि टॉड यांचं पहिलं पुस्तक 1890 मध्ये बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्सनं काढलं, त्यात 115 कविता. 1891 मध्ये दुसरं आणि 1896 मध्ये टॉडनं एकटीनं तिसरं. तुमच्या हातातलं ‘बॅनिश’वालं पुस्तक या 1891 च्या पुस्तकावरून आलेलं आहे. पुढं जमिनीच्या एका पट्ट्यावरून लॅव्हिनिया आणि टॉड कोर्टात गेल्या. 1898 मध्ये टॉड हरली आणि तिच्याजवळचे कागद तिनं पेटीत बंद केले. उरलेले कागद सुझनकडून तिची मुलगी मार्था बियांकी हिच्याकडे गेले, आणि तिनं 1914 पासून वेगळी पुस्तकं काढायला सुरुवात केली. टॉडच्या पेटीतल्या साडेसहाशेहून अधिक कविता बाहेर यायला 1945 उजाडलं. आजही हस्तलिखितं दोन ठिकाणी आहेत: बियांकीकडची हार्वर्ड विद्यापीठात, टॉडकडची ॲमहर्स्ट कॉलेजात. एका घरातल्या भांडणाची फाळणी अजून तशीच आहे.

दोन्हीकडचे कागद मिळवून जॉन्सननं 1955 मध्ये तीन खंड काढले आणि 1775 कवितांना क्रमांक दिले. फ्रँकलिननं 1981 मध्ये उसवलेल्या वह्या पुन्हा जुळवून त्यांच्या प्रतिमा छापल्या. त्यासाठी त्यानं कागदाचा प्रकार, सुईची भोकं, डाग असले पुरावे वापरले. 1998 मध्ये त्याचे तीन खंड आले, त्यात 1789 कविता. क्रिस्टॅन मिलरची 2016 ची आवृत्ती वह्यांच्या क्रमानं जाते आणि पर्यायी शब्द पानाच्या कडेलाच देते. एकच पुस्तक विकत घ्यायचं असेल तर अनुवादकानं हे घ्यावं असं माझं मत आहे. फ्रँकलिनच्या एका खंडाच्या वाचन-आवृत्तीत पर्याय नसतात, त्यामुळे आपण कुठे काय निवडतोय हेच कळत नाही.

हातातला पाठ कोणता हे ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. कवितेवर ‘द चॅरियट’सारखं शीर्षक असेल, किंवा पुस्तकाचे जीवन, प्रेम, निसर्ग, काळ आणि अनंत असे विभाग असतील, तर ते 1890 च्या दशकातलं. तिनं शीर्षकं जवळपास कधीच दिली नाहीत. रेघा नाहीत, यमकं स्वच्छ आहेत, तरी तेच समजा. कवितेपाशी क्रमांक असेल तर तो जॉन्सनचा की फ्रँकलिनचा ते बघा. तुमची कविता जॉन्सनमध्ये 288 आणि फ्रँकलिनमध्ये 260 आहे. टिपणात दोन्ही लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तुमचं तुम्हालाच सापडणार नाही. संकेतस्थळांवर फार गोंधळ आहे. शब्द जुने आणि रेघा नव्या, अशी खिचडीही दिसते. हस्तलिखितांच्या प्रतिमा एमिली डिकिन्सन अर्काइव्हवर 2013 पासून मोफत आहेत. पाठ ठरवण्याआधी तिथं एकदा डोळ्यांनी बघायचंच.

जुन्या संपादकांनी नुसती विरामचिन्हं नीट केली असती तर एवढं बिघडलं नसतं. ‘बिकॉज आय कुड नॉट स्टॉप फॉर डेथ’ ही कविता घ्या, फ्रँकलिन 479, जॉन्सन 712. सहा कडव्यांची कविता 1890 मध्ये पाच कडव्यांची झाली. गळालं ते चौथं कडवं. तिसऱ्या कडव्यात मृत्यूनं आणलेली बग्गी शाळेपाशी मुलं, मग शेतं, मग मावळता सूर्य मागे टाकत जाते. चौथं सुरू होतं ते दुरुस्तीनं: नाही, खरं तर सूर्यानंच आम्हाला मागे टाकलं. तिथून दव पडतं, गारवा येतो, अंगावरचं झिरझिरीत वस्त्र पुरत नाही. आतापर्यंत 8-6-8-6 अशी चाललेली अक्षरसंख्याही याच कडव्यात उलटून 6-8-8-6 होते. कवितेला थंडी भरते ती इथं. हे कडवं काढलं की उरते एक सभ्य सहल. शिवाय मुलं मधल्या सुट्टीत रिंगण करून खेळत होती, ती संपादकांनी नुकताच धडा संपवलेली केली. शेवटच्या बाजूला घराचा कंगोरा जमिनीत होता, तो उंचवटा झाला. यमक जुळावं म्हणून.

आता मराठीकडे येऊ. छंद, रेघा, कॅपिटल अक्षरं आणि लिंग अशा चार ठिकाणी गाडी अडते, आणि शेवटच्या ठिकाणी सर्वांत जास्त.

तिचा नेहमीचा छंद म्हणजे चर्चमधल्या स्तोत्रांचा: आठ-सहा-आठ-सहा अक्षरं, दुसऱ्या-चौथ्या ओळीला यमक. ऐकणाऱ्याच्या कानात ती चाल आधीच असायची. आपल्याकडे याच्या जवळचं काय, तर अभंग. मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक, तोही गाण्याचा आणि श्रद्धेचा. त्यामुळे अभंगात बसवायचा मोह होतो. पूर्ण अभंगात बसवू नका असं मी सांगेन. तिची गंमत अशी की छंद श्रद्धाळूंचा आणि आत बोलणारी चर्चबाहेर राहिलेली. अभंगाची चाल मराठी कानात इतकी मुरलेली आहे की दोन ओळींत विठ्ठल उभा राहतो, आणि मग शंका ऐकू येत नाही. ओळींचं लांब-आखूड प्रमाण मात्र सांभाळा. अक्षरं मोजून तेवढीच बसवायचा हट्ट नको. प्रत्यय लागून आपले शब्द लांबतात. मृत्यूच्या कवितेचं पहिलं कडवं माझ्या पद्धतीनं असं होतं:

मला थांबता येईना मृत्यूसाठी –
सौजन्यानं तोच थांबला –
बग्गीत जागा – दोघांपुरतीच –
आणि अमरत्व.

मूळची अठ्ठावीस अक्षरं इथं अडतीस झाली, तरी लांब-आखूड-लांब-आखूड चाल राहिली आणि शेवटची ओळ मूळच्यासारखी सहातच संपली. बग्गीऐवजी रथ म्हणू नका. रथ आला की पुराण आलं, मागोमाग यम आणि रेडा. हा मृत्यू सभ्य गृहस्थ आहे, गावातल्या एखाद्या मुलीला फिरायला न्यायला आलेला.

यमकाबाबत तिची सवय अशी की जुळेल असं वाटायला लावायचं आणि जरासं चुकवायचं. ‘गेट’ आणि ‘मॅट’. मराठीत नामांना सारखेच प्रत्यय लागतात, त्यामुळे यमक फार स्वस्तात मिळतं: घरात, दारात, मनात. ते घेतलंत तर कविता बडबडगीत होते. शेवटचं व्यंजन जुळवा आणि स्वर सोडून द्या, किंवा उलट करा. ‘दार’ आणि ‘दूर’ चालेल. काहीच जमत नसेल तर यमक सोडा, पण एकाआड एक कडव्यात घट्ट यमक आणि मध्ये काहीच नाही असं करू नका, ते कानाला अपघातासारखं लागतं.

रेघा ठेवायच्या. आपलं अपसारण चिन्ह, म्हणजे डॅश, साधारणपणे स्पष्टीकरणासाठी किंवा तुटलेल्या बोलण्यासाठी येतं. तिच्या रेघा श्वासासाठी आणि शब्द सुटा काढून दाखवण्यासाठी आहेत. हस्तलिखितात त्या लांब-आखूड, वर-खाली झुकलेल्या असतात, छापील पाठात सगळ्या एकसारख्या होतात. मराठीत अडचण अशी की आपलं क्रियापद शेवटी येतं. तिच्या ओळीच्या शेवटी नाम आणि रेघ असते, आपल्या शेवटी ‘आहे’ आणि रेघ. ते फार मिळमिळीत दिसतं. उपाय म्हणजे ‘आहे’ गाळायचं. मराठीला ते मुळीच परकं नाही, आपल्या म्हणींत क्रियापद कुठे असतं? जिथं रेघेमुळे वाक्याचा कर्ता कोण हेच कळेनासं होतं, तिथं मूळातही ते कळत नाही ना, हे आधी तपासा. बहुतेक वेळा नाहीच कळत, आणि मग ते सोपं करून द्यायचा अधिकार आपल्याला नाही.

कॅपिटल अक्षरं देवनागरीत नाहीत, तो विषय तिथंच संपला. जाड ठसा वापरून भरपाई करू नका, पान जाहिरातीसारखं दिसतं. जो शब्द उठून दिसायला हवा त्याला ‘च’ लावा, किंवा रेघेच्या लगेच आधी आणा.

लिंगाचं काय? इंग्रजी ‘आय’ला लिंग नाही. आपल्याकडे ‘मी गेले’ की ‘मी गेलो’ हे ठरवावंच लागतं. सरसकट ‘गेले’ करणारे अनुवाद मला चुकीचे वाटतात, कारण ‘ती मी नव्हे’ असं कवयित्रीनंच लिहून ठेवलंय. सापाच्या कवितेत बोलणारा आपल्या अनवाणी मुलगेपणाची आठवण सांगतो, तिथं ‘गेलो’च हवं. भरलेल्या बंदुकीच्या कवितेत, फ्रँकलिन 764, बोलते ती बंदूक. मराठीत बंदूक स्त्रीलिंगी आणि तिचा मालक पुरुष, त्यामुळे अर्थाला नको तितकी स्पष्ट धार येते. तरीही तिथं दुसरा मार्ग नाही. इतर बहुतेक ठिकाणी सुटका मराठीच देते. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, ‘मी पाहिलं’ यात लिंग कळत नाही. ‘मला’नं सुरू होणारी रचना घेतली की तिथंही कळत नाही. वरच्या कडव्यात ‘मी थांबू शकले नाही’ऐवजी ‘मला थांबता येईना’ हे त्यासाठीच. माशीच्या कवितेत, फ्रँकलिन 591, ‘मी मेले तेव्हा’ऐवजी ‘मरताना’ म्हटलं की काम झालं. त्या कवितेच्या शेवटी इंग्रजीत ‘बघणं’ हे क्रियापद लागोपाठ दोनदा येऊन अडखळतं. तिथं ‘बघावं म्हटलं – तर दिसेना –’ इतकं साधं ठेवलं तर चालतं, मराठीत बघणं आणि दिसणं वेगवेगळं आहे याचा फायदा मिळतो.

निर्जीव आणि अमूर्त गोष्टींचं लिंगही बघा. मृत्यू पुल्लिंगी आहे, सुदैवानं मूळातही इंग्रजीतला पुल्लिंगी ‘ही’ (he) आहे. मरण घेतलंत तर सगळं नपुंसकलिंगी होईल आणि गृहस्थ नाहीसा होईल. ‘द सोल सिलेक्ट्स हर ओन सोसायटी’मध्ये, फ्रँकलिन 409, आत्मा स्त्री आहे, घराचं दार लावून घेणारी. मराठीत आत्मा पुरुष. चेतना म्हटलं तर कविता तत्त्वज्ञानाच्या वर्गात जाऊन बसते. मी तिथं ‘आत्मा’ टाळून पहिल्या ओळीत ‘अंतरातली ती’ असं काही घेईन, पण हे समाधानकारक उत्तर नाही, हे मान्य करतो. त्याच कवितेत शेवटी ती आपल्या लक्षाच्या झडपा दगडासारख्या मिटते, आणि झडपांना पर्याय म्हणून पापण्या लिहून ठेवलेल्या आहेत. मराठीत ‘मिटणं’ पापण्यांना शोभतं, झडपांना नाही. पण झडपेत जो यंत्राचा, शिंपल्याचा कठोरपणा आहे तो पापण्यांत नाही. मी झडपा ठेवून क्रियापद बदलेन: ‘लावून घेते’.

पक्षी आणि झाडं बदलू नका. बोबोलिंकची मैना केली की ॲमहर्स्टचं कुरण गेलं. एखादी टीप पुरते.

आता तुमची कविता. मी केली तर अशी:

मी – कुणीच नाही! आणि तू?
तूही – कुणीच नाही – का?
मग झाली की आपली जोडी!
बोलू नकोस! बोभाटा करतील – कळलं ना!

किती कंटाळवाणं – कुणीतरी – असणं!
किती उघड्यावर – बेडकासारखं –
आपलंच नाव – अख्खा जून – सांगत बसायचं
कौतुकानं भारलेल्या दलदलीला!

‘जाहिरात’ मुद्दाम घेतली नाही, तिच्यामागे फलक आणि टीव्ही येतो. ‘दवंडी’ चालली असती, पण ती सरकारी असते. बोभाटा शेजारीपाजारी करतात, आणि ॲमहर्स्टही छोटं गाव होतं. ‘कुणीतरी’ऐवजी ‘बडं प्रस्थ’ जास्त मराठी आहे, पण मग ‘कुणीच’ आणि ‘कुणीतरी’ ही जोडी तुटते. एक तोटा भरून निघत नाही: इंग्रजीत ‘नोबडी’ हे जवळजवळ विशेषनाम होतं, आणि आपलं ‘कुणीच नाही’ हा साधा नकार राहतो. ‘नाकुणी’ असा शब्द घडवून बघितला तर चमत्कृती होते आणि कवितेचा सहजपणा जातो. ‘तुम्ही’ऐवजी ‘तू’ घेतलं कारण तिसऱ्या ओळीत गुपित वाटून घ्यायचं आहे, पण सुरुवातीला ‘तुम्ही’ आणि जोडी जमल्यावर ‘तू’ असंही करता येईल, ते तुम्ही करून बघा.

जूनबद्दल एक सावधगिरी. मराठी वाचकाला जून म्हटलं की मृगाचा पाऊस आणि डबक्यातले बेडूक आपोआप ऐकू येतात, त्यामुळे ओळ इथं मूळापेक्षाही खमंग लागते. तिचा जून मात्र उन्हाळ्याच्या तोंडावरचा, न संपणाऱ्या उजेडाचा. मी फुकट मिळालेला पाऊस परत करत नाही, पण पाऊस हा शब्द आत घुसवतही नाही.

पुस्तक काढणार असाल तर आधी हक्कांचं बघा. 1890, 1891 आणि 1896 चे पाठ कधीच मोकळे झालेत, पण जॉन्सन आणि फ्रँकलिन यांच्या पाठांवर हार्वर्डकडून हक्क सांगितला जातो. मूळ इंग्रजी समोरासमोर छापायचं असेल तर हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसला लेखी विचारा, आणि कोणत्या कविता, किती प्रती, कोणत्या भाषेत हे पत्रातच लिहा. उत्तराला वेळ लागतो, तेव्हा हे काम छपाईच्या आधी पुरेसे महिने हातात ठेवून करा.

आणि ‘बॅनिश’चं काय करायचं? मी ते टाकणार नाही. ‘बोभाटा करतील’ला छोटं अधिकचं चिन्ह लावा, कवितेखाली एक ओळ मोकळी सोडा आणि तेच चिन्ह देऊन बारीक अक्षरात लिहा: + हाकलून देतील.